साकवापासून झुलत्या पुलापर्यंत

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील रानपट्ट्यात ज्यांनी एखादा पावसाळा काढला आहे, त्यांना ओढ्याचे सामर्थ्य सांगावयास नको. उन्हाळ्यात मुले ज्या पाण्यातून हसतखेळत पार होतात, तोच ओढा आषाढात तांबडा होऊन दोन तीरांना परके करून सोडतो. मग गावकरी लाकडे नि बांबू बांधून साकव घालतात, आणि एखादा पूर तोही घेऊन जातो. अशा ठिकाणी माणसांपुरता एक पक्का झुलता पूल झाला, तर गावाच्या सार्वजनिक सोयींत काय पालट होईल, याचा विचार आपण येथे करू.

प्रथम पुलाची घडण पाहू. दोन्ही तीरांवर काँक्रीटचे भक्कम ठोकळे जमिनीत बसवून त्यांत पोलादी दोर अडकवितात व त्यांच्या आधाराने चालण्याची वाट तयार करतात. पात्रात खांब नसल्याने पुराला धडक देण्यास काही सापडत नाही. मात्र पुलाचा सर्वांत खालचा भाग पुराच्या रेषेच्या बराच वर ठेवावा लागतो. येथे भूमितीचा एक धडा आहे. कपड्यांची दोरी जितकी ताठ बांधावी, तितका तिच्यावर ताण अधिक. पुलाचेही तसेच: लांबी व भार तेच ठेवून झोळ निम्मा केला, की दोरांवरील आडवा ताण दुप्पट होतो. म्हणून पुलाला पडणारा झोळ हा दोष नसून हिशेबाने ठेवलेली सोय आहे.

असे पूल आपल्याच राज्यात झाले आहेत. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील सुळ्य येथील अभियंते गिरीश भारद्वाज यांनी १९८९ साली अरंबूर येथे पयस्विनी नदीवर पहिला पूल उभारला. पुढे त्यांच्या हातून शंभराहून अधिक पूल झाले, आणि २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नेपाळात तर अशा पुलांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली आहे. तेथे त्रिशूलीसारख्या नद्यांवर मुले ‘तुइन’ नावाच्या तारेला लोंबकळत शाळेस जात. आता अनेक ठिकाणी गावकऱ्यांनी दगड-वाळू पुरवून आणि दोर खांद्यावर वाहून आणून पूल उभे केले आहेत.

पुलाचा पहिला लाभ शाळेस होतो. पूर आला म्हणजे मुलगा एक दिवस चुकतो एवढेच नव्हे; गणितातील एक पायरी चुकते, आणि पुढील दहा पायऱ्या त्याला अवघड जातात. शिक्षकही पलीकडून येणारे असतील, तर साऱ्या वर्गाचाच खाडा होतो. दुसरा लाभ आरोग्याचा. प्रसूतीची वेळ किंवा सर्पदंश पाणी ओसरण्याची वाट पाहत नाही. लस टोचणारी परिचारिका ठरल्या दिवशी पोहोचते, टपाल वेळेवर येते, रेशनचे धान्य भिजत नाही.

परंतु पूल म्हणजे डॉक्टर नव्हे, हेही आम्ही स्पष्टच सांगू. पलीकडच्या दवाखान्यात औषध नसेल, तर पूल रोग्याला केवळ बंद दारापर्यंत नेईल. दुसराही एक धोका आहे. ‘आता मुले पलीकडे जाऊ शकतात’ असे म्हणून अलीकडची लहान शाळा बंद केली, तर सहा वर्षांच्या बालकाची रोजची चाल वाढेल. म्हणून पुलाची मागणी करतानाच, गावात काय राहणार आणि काय हलणार, हे ग्रामसभेत विचारून घ्यावे.

शेवटची गोष्ट देखभालीची. सैल झालेली पकड, गंजू लागलेला दोर, निसटलेली फळी यांकडे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कोणीतरी पाहिले पाहिजे. नेपाळात याकरिता गावाचीच समिती असते. विद्यार्थिमित्रहो, साकव आपल्या आजोबांनी दरसाल नव्याने बांधला, कारण तो आपला आहे असे त्यांना वाटे. पोलादी पूल सरकारने बांधला, तरी ती आपलेपणाची भावना आपणांसच जपावी लागेल.