प्रोग्राम करवून घेण्याआधी धंद्याचे चित्र काढा

अडतदुकानाचा हिशेब संगणकावर आणायचे ठरले की व्यापारी सांगतो, "हळदीचा सगळा हिशेब त्यात यावा." प्रोग्रामर मान डोलावतो. दोघांच्या मनातला 'सगळा हिशेब' मात्र एक नसतो, आणि हे पैसे दिल्यावर कळते. हिंगोली-वसमतच्या बाजारात हळदीचा व्यवहार मोठा, म्हणून नुकसानही तसेच.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'अ‍ॅजाइल' नावाची पद्धत आहे. २००१ साली अमेरिकेतील यूटा राज्यात जमलेल्या १७ जाणकारांनी तिचा जाहीरनामा मांडला. थोडे काम करून गिऱ्हाइकाला दाखवायचे, त्याच्या सांगण्याप्रमाणे सुधारायचे, मग पुढचे हाती घ्यायचे. पुढे बदलता येते म्हणून आधी काही ठरवायचेच नाही, असा अर्थ काही जण काढतात. तो चुकीचा आहे. उलट अशा कामात चित्राची गरज जास्त.

साधा कागद घ्या. शेतकऱ्याची गाडी, वजनकाटा, लिलाव, खरेदीदार, हिशेबपट्टी, रोकड या प्रत्येकाची एक चौकट काढा. माल जाईल तिकडे बाण. पैशाचे बाण वेगळ्या शाईने. बाण काढू लागताच प्रश्न उभे राहतात. कांडी आणि गड्डा एकाच पट्टीवर की वेगळे? बारदानाची वजावट कुठे? शेतकऱ्याने आधी उचल घेतली असेल तर ती कधी वळती करायची? खरेदीदाराचे पैसे आठ दिवसांनी आले, तर तोवर शेतकऱ्याला कोणी द्यायचे? बाण जिथे अडतो, तिथे प्रोग्रामरला सांगायचे राहिलेले असते. मुनीमजींना जवळ बसवा. मालकापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक असते.

मग पडद्यावर काय दिसेल तेही कागदावर आखून त्यात जुन्या दहा पट्ट्या भरून पाहाव्यात. सरळ नकोत, भांडणाच्या घ्याव्यात. कागद खोडायला पैसे पडत नाहीत. आपले सुतार बांधव कपाटाचा आराखडा आधी आखतात, तो याचसाठी.

हनफी फिकहमध्ये ऑर्डर देऊन वस्तू बनवून घेण्याच्या कराराला 'इस्तिसना' म्हणतात. वस्तूचा प्रकार, माप आणि गुण त्यात आधी स्पष्ट करावे लागतात. अस्पष्टतेतून तंटा निघतो. मग बदलत जाणाऱ्या प्रोग्रामचे काय? चित्रात जेवढे ठरले तेवढ्याच टप्प्याची किंमत बांधावी, पुढच्याचा सौदा वेगळा करावा. मसला अडला तर आलिमांना विचारावे.

चित्रावर दोघांनी तारखेसह सही करावी. बदल झाला तर जुना कागद न फाडता नवा काढून त्याला जोडावा. दर आणि मुदत मात्र अक्षरांतच लिहावी, ती चित्रात मावत नाही.