गवताचं औषध आणि तलावातली मासोळी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत गावोगावी मामा तलाव आणि बोड्या आहेत. त्यांच्या पाण्यावर धान पिकतं आणि त्याच पाण्यात मासोळी वाढते. पाऊस जोराचा झाला की बांधीतलं जास्तीचं पाणी नाल्याने पुढच्या बोडीत उतरतं. रोवणीनंतर टाकलेलं तणनाशकही त्याच वाटेने जातं. ते माशांना काय करतं, हे आज आपण समजून घेऊ.

सुरुवात डब्यापासून करू. डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. हा रंग उंदरांसारख्या प्राण्यांवरच्या चाचणीतून ठरतो. माणसाला धोका किती, एवढंच तो सांगतो. माशांचा विचार त्यात नाही. म्हणून निळा किंवा हिरवा त्रिकोण पाहून "हे साधं औषध आहे" असं तलावाच्या बाबतीत समजू नका.

मासा पाण्यातूनच श्वास घेतो. त्याच्या कल्ल्यांची त्वचा फार पातळ असते. तिच्यातून प्राणवायू रक्तात जातो, आणि पाण्यात मिसळलेलं विषही जातं. आपण विषारी जागेवरून दूर जाऊ शकतो, बोडीतला मासा कुठे जाणार?

धानात वापरतात त्या ब्युटाक्लोरचा हिशेब मांडू. ५० टक्क्यांचं औषध एकरी १ लिटर टाकलं, तर त्यात खरं तणनाशक ५०० ग्रॅम. बांधीत ५ सेंटिमीटर पाणी असेल, तर एकरात सुमारे २ लाख लिटर पाणी झालं. म्हणजे लिटरमागे अडीच मिलिग्रॅम. माशांच्या कित्येक जातींत निम्मे मासे चार दिवसांत मरायला लिटरमागे १ मिलिग्रॅमहून कमी पुरतं. यातलं बरंच औषध मातीला चिकटतं आणि मोठ्या तलावात ते पातळही होतं. पण टाकल्यावर लगेच पाऊस आला आणि पाणी लहान बोडीत गेलं, तर धोका खरा आहे. जिरे आणि बोटुकली आधी बळी पडतात.

मासा मेला नाही म्हणजे काही झालं नाही, असंही नाही. अलिगढ मुस्लिम विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ साली मागूर माशावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ब्युटाक्लोर आणि २,४-डी यांच्या पाण्यात ठेवलेल्या माशांच्या रक्तपेशींत बिघाड दिसला. असा मासा बाहेरून धडधाकट दिसू शकतो.

धुऱ्यावर मारतात त्या ग्लायफोसेटची गोष्ट वेगळी. औषध पानावर पसरावं म्हणून अनेक डब्यांत साबणासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. काही वेळा हे द्रव्यच ग्लायफोसेटपेक्षा माशांना जास्त घातक ठरतं. ते कल्ल्यांना इजा करतं.

आणखी एक वाट आहे. तणनाशकाने पाण्यातलं शेवाळ, वनस्पती मरतात. त्या कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात.

मग मासे मेले तर ओळखायचं कसं? प्राणवायू कमी पडला तर मासे पहाटे वर येऊन तोंड उघडतात, मोठे मासे आधी मरतात आणि ऊन चढल्यावर उरलेले सावरतात. विष असेल तर दिवसा कधीही मासे वेडेवाकडे पोहतात, लहान-मोठे सगळे मरतात, सोबत झिंगे आणि बेडूकही मेलेले दिसू शकतात. हा अंदाज झाला, खात्री तपासणीनेच होते. स्वच्छ काचेच्या बाटलीत लगेच पाणी भरा, ती थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा. मत्स्यव्यवसाय विभागाला आणि सहायक कृषी अधिकाऱ्याला कळवा. मेलेले मासे खाऊ नका, विकू नका, सुकवूही नका.

टाळण्यासाठी हे करता येतं:

• औषध टाकण्याआधी बांधीचा धुरा आणि पाणी सोडायची जागा पक्की करा. नंतरचे काही दिवस पाणी सोडू नका. किती दिवस, ते डब्यावरच्या कागदावर वाचा.
• पावसाचं लक्षण असेल तर त्या दिवशी थांबा.
• पंप आणि डबा तलावात किंवा नाल्यात धुऊ नका. डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच घ्या.
• पंप बुडवून पाणी भरू नका, बादलीने आणा.
• तलावाच्या काठाला आणि नाल्याच्या कडेला फवारू नका. तिथलं तण हातानेच काढा.
• बोटुकली सोडायची तारीख वरच्या शेतकऱ्यांशी बोलून ठरवा.

मैत्रिणींनो, तणनाशक आल्यापासून निंदणाचे दिवस कमी झाले आणि आपली मजुरीही गेली. दिवसभर वाकून दुखणारी कंबर वाचली, हेही खरं. म्हणून "तणनाशक बंद करा" एवढंच म्हणून भागणार नाही. पण ते विकत घेताना आपल्याला विचारत नाहीत, आणि मासोळी गेली तर ताट आपल्याच घरचं रिकामं होतं. तेव्हा रोवणीआधीच्या गटाच्या बैठकीत एक काम करा. तलावात कोणकोणत्या बांध्यांचं पाणी येतं, त्यांची यादी करा. त्या घरांतल्या बायांना बैठकीला बोलवा आणि वरच्या सहा गोष्टी त्यांना वाचून दाखवा. ग्रामसभेतही हा विषय मांडा.

पुढच्या भागात भेटू.