वणव्याच्या दिवशी उघडणारे पान

७ फेब्रुवारी २००९, शनिवार. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात पारा ४६.४ अंशांवर गेला. तिथे तापमानाची नोंद ठेवू लागल्यापासून इतकी उष्णता कधी झाली नव्हती. सकाळी पावणेबाराच्या सुमारास शहराच्या उत्तरेला किल्मोर ईस्ट इथे विजेची तार तुटली आणि वाळल्या गवताने पेट घेतला. दुपारपर्यंत व्हिक्टोरिया राज्यात ठिकठिकाणी वणवे भडकले होते. डोंगराआडून धूर दिसू लागला तशी माणसे कॉम्प्युटरपुढे बसून कंट्री फायर ऑथॉरिटीचे, म्हणजे सीएफएचे, संकेतस्थळ उघडू लागली. आणि नेमके तेव्हाच ते उघडेना. माहितीसाठी दिलेल्या दूरध्वनी क्रमांकावरही कितीतरी फोन वाजून वाजून बंद झाले. त्या दिवशीच्या आगींनी १७३ जणांचा बळी घेतला. ऑस्ट्रेलियात हा दिवस ‘ब्लॅक सॅटर्डे’ म्हणून ओळखला जातो.

सीएफए ही काही कालपरवाची संस्था नव्हे. १९३९च्या वणव्यांत ७१ माणसे गेली, १९४४मध्ये पुन्हा आगी लागल्या आणि १९४५मध्ये गावोगावच्या अग्निशमन पथकांना एका छत्राखाली आणणारी ही यंत्रणा उभी राहिली. तिचा कणा म्हणजे स्वयंसेवक. शेतकरी, सुतार, शाळामास्तर, सगळे हातातले काम टाकून लाल गाडीवर चढणारे. आग विझवण्यात या मंडळींचा हात धरणारे जगात थोडेच. संस्थेचे संकेतस्थळ मात्र एरवीच्या दिवसांच्या मापाने शिवलेले होते.

आपत्कालीन सेवेच्या संकेतस्थळाची अडचण विचित्र असते. वर्षातले साडेतीनशे दिवस तिकडे फारसे कोणी फिरकत नाही आणि एका दुपारी अख्खे राज्य एकदम दारात उभे राहते. प्रत्येक माणसासाठी माहितीच्या साठ्यातून पान नव्याने जुळवत बसले, तर सर्व्हर गुडघे टेकणारच. त्यावरचा उपाय फार गहन नाही. पान एकदाच तयार करायचे, त्याच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवायच्या, बदल झाला की तेवढाच भाग ताजा करायचा. छायाचित्रे, साहेबांचे संदेश, समारंभांची वृत्ते यांना पहिल्या पानावरून रजा द्यायची. (‘नवीन’ अशी लुकलुकणारी पाटी मिरवणाऱ्या आपल्याकडच्या सरकारी संकेतस्थळांनी एवढे केले तरी पुष्कळ होईल.) शेतावर, नेटवर्कची एकच काडी दिसत असताना, इशाऱ्याचा मजकूर आधी उमटला पाहिजे. नकाशा मागाहून आला तरी चालेल.

पण पान उघडले असते, तरी त्यावर काय दिसले असते? खरी मेख इथे आहे.

त्याच दिवसांत गूगलच्या ऑस्ट्रेलियातल्या अभियंत्यांनी सीएफएने खुल्या ठेवलेल्या माहितीवरून काही तासांत आगींचा नकाशा तयार केला. मूळ संकेतस्थळावर तुंबलेली गर्दी तिकडे वळू शकली. मात्र तो नकाशा अपुराच होता. खासगी जमिनीवरची आग सीएफएकडे, तर सरकारी जंगलातली आग दुसऱ्या खात्याकडे, अशी वाटणी होती. त्या दुसऱ्या खात्याची माहिती सरकारी स्वामित्वहक्काच्या कचाट्यात अडकली. वणव्याला सातबारा वाचता येत नाही, खात्यांना मात्र तो सोडवत नव्हता.

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट पुढे न्यायमूर्ती बर्नार्ड टीग यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी आयोगापुढे आली. किल्मोरची आग किंग्लेक गावाच्या दिशेने झेपावते आहे, हे कांगारू ग्राउंड इथल्या नियंत्रण केंद्रातल्या लोकांना कळले होते. त्यांनी इशाऱ्याचा मसुदा लिहूनही ठेवला होता. पण कागदोपत्री ती आग किल्मोर केंद्राच्या अखत्यारीत होती, म्हणून तो इशारा बाहेर पडला नाही. या एका आगीत ११९ जण गेले. इथे जगातला सर्वांत वेगवान सर्व्हर आणून ठेवला असता तरी त्याने काय केले असते?

आयोगाचा अंतिम अहवाल जुलै २०१०मध्ये आला, त्यात ६७ शिफारशी होत्या. मधल्या काळात, २००९ संपता संपता, देशभरासाठी इशाऱ्यांच्या तीन पायऱ्या ठरल्या: माहिती, सावध राहून हालचाल करा आणि आणीबाणी. फोनवर थेट संदेश धाडणारी यंत्रणाही तेव्हाच सुरू झाली. आधी ती ग्राहकाच्या नोंदलेल्या पत्त्यावरून चाले, पुढे फोन त्या क्षणी जिथे असेल तिथे संदेश जाऊ लागला. नियंत्रण केंद्रातल्या माणसाने इशारा एकदाच लिहायचा आणि तोच संकेतस्थळावर, रेडिओवर, सगळीकडे जायचा, अशी सोय झाली. २०१४मध्ये ‘इमर्जन्सी मॅनेजमेंट व्हिक्टोरिया’ ही समन्वयाची संस्था स्थापन झाली. ‘व्हिकइमर्जन्सी’ हे एकत्र संकेतस्थळ आणि अॅप आज दिसते, ते या सगळ्या खटाटोपाचे फळ.

ते उघडले की समोर राज्याचा नकाशा येतो. त्यावर पिवळे, नारिंगी आणि लाल त्रिकोण. आग, पूर, वादळ, दूषित पाणी, इतकेच काय, किनाऱ्याजवळ दिसलेला शार्कसुद्धा त्याच नकाशावर. लाल त्रिकोणावर बोट ठेवा. मजकुरात किती गाड्या निघाल्या, किती हेक्टर जळाले, याला पहिले स्थान नाही. आधी गावांची नावे, मग तुम्ही धोक्यात आहात, जगायचे असेल तर ताबडतोब हालचाल करा, अशा अर्थाचे वाक्य. वेळ टळून गेली असेल तर आता बाहेर पडू नका, घरातच आसरा घ्या, असे रोखठोक सांगितलेले असते. सरकारी भाषेत इतके थेट लिहायला धाडस लागते, आणि माझ्या मते या नव्या रूपातली सर्वांत मोठी सुधारणा हीच आहे.

तरी संकेतस्थळावर सगळा भरवसा टाकून चालत नाही. २०१९च्या ३१ डिसेंबरला मल्लाकूटा गावात हजारो लोक आगीपुढे हटत किनाऱ्यावर जमले, तेव्हा वीज गेली आणि फोनही बंद पडले. अशा वेळी बॅटरीवर चालणारा रेडिओच उपयोगी पडतो, आणि सीएफएसुद्धा लोकांना हेच सांगते: एकाच साधनावर विसंबू नका.

धोका केवळ आगीचा नाही. नोव्हेंबर २०१६मध्ये मेलबर्नवर वादळ आले आणि गवताच्या परागकणांमुळे हजारोंना एकाएकी दम्याचा झटका आला. दहा जण दगावले. बाधितांमध्ये भारतीय आणि आशियाई वंशाच्या लोकांचे प्रमाण ठळकपणे जास्त होते. तेव्हापासून ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात अशा दम्याचा अंदाजही व्हिकइमर्जन्सीवर दिला जातो.

तुमची मुलगी-जावई किंवा भाचा मेलबर्नकडे असेल, तर पुढच्या फोनवर एवढे विचारा: अॅप घेतले आहे का, आणि घर, कचेरी, मुलांची शाळा यांभोवती ‘वॉच झोन’, म्हणजे ज्या टापूतले इशारे आपल्याला हवेत तो, आखला आहे का? नातवंडांसाठी तिकडे जाणाऱ्या आजी-आजोबांनी तीन क्रमांक वहीत लिहून न्यावेत. माहितीसाठी १८०० २२६ २२६, इंग्रजीची अडचण असेल तर दुभाषा सेवेचा १३१ ४५०, आणि जिवावर बेतले तर ०००.