पत्ते उघडण्याआधी एकदा दुसऱ्याला विचारा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. इंदापूर तालुक्यातल्या एका वाडीवरून ४२ वर्षांची बाई ओपीडीत आली. सोबत नणंद होती. डाव्या स्तनात लिंबाएवढी गाठ, वरची कातडी आत ओढलेली. "कधीपासून आहे?" असं विचारलं तर बाई गप्प. शेवटी नणंदच म्हणाली, "मॅडम, आम्हाला परवा कळलं. हिला आठ महिने झालेत."

या आठ महिन्यांचा हिशेब तिच्या मोबाईलमध्ये होता. रील बघताना एक जाहिरात दिसली होती, 'तीन पत्ते मोफत, मनातला प्रश्न विचारा'. पलीकडच्या बाई गोड बोलायच्या, वेळ द्यायच्या. त्यांनी टॅरोचे पत्ते काढले आणि सांगितलं, ही गाठ आजाराची नाही, घरातल्याच कुणाच्या तरी नजरेची आहे. सुई लावली तर पसरेल. एकवीस मंगळवार उपाय करा आणि कुणाला सांगू नका, सांगितलं तर गुण जातो. पहिल्यांदा १०१ रुपये, मग ११००, मग ५१००. ऊसबिलातून बाजूला ठेवलेले सत्तावीस हजार असे हप्त्याहप्त्यानं गेले.

पैशाचं दुःख आहेच, पण ते पुन्हा मिळवता येतात. आठ महिने कुठून आणायचे?

खेळाचे पत्ते, भविष्याचे कसे झाले?

आपल्याकडे भविष्य सांगणारे नवे नाहीत. पहाटे येणारा पिंगळा, कुडमुडे जोशी, नंदीबैलवाला, एसटी स्टँडबाहेर पिंजऱ्यातून पोपट काढून पाकीट उचलायला लावणारा, हे सगळे माझ्या पिढीनं बारामतीत पाहिले आहेत. टॅरो हा त्यांच्यातला पाहुणा. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते निघाले ते चक्क खेळायला, आपल्या रमीसारखे. एकूण ७८ पत्ते, त्यातले २२ खास चित्रांचे. भविष्यासाठी त्यांचा बोलबाला झाला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, फ्रान्समध्ये. आज सगळीकडे दिसणारी चित्रं बहुतेक १९०९ साली लंडनमध्ये छापलेल्या संचावरून आली आहेत; ती पामेला कोलमन स्मिथ या चित्रकार बाईंनी काढली होती. म्हणजे जवळपास तीनशे वर्षं या पत्त्यांवर माणसं मुख्यतः डाव मांडत होती.

मग ते आपल्याला पटतं का?

१९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझ्या स्वभावाचं वर्णन' म्हणून एक कागद दिला. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. गंमत अशी की सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता आणि त्यातली वाक्यं भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. 'तुम्ही सगळ्यांसाठी करता, पण तुमची कदर होत नाही' हे वाक्य बारामतीच्या भाजी मंडईत उभं राहून म्हणा, दहापैकी नऊ जणी माना डोलावतील. बाकीचं काम आपला चेहरा करतो. समोरचा अंदाजानं बोलतो, आपण 'हो ना' म्हणतो, आणि लागलेलं तेवढं लक्षात ठेवून घरी येतो.

कुंडलीची परीक्षा तर आपल्या पुण्यातच झाली. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या कुंडल्या जमवल्या. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या देऊन विचारलं, यातलं मूल कोणत्या गटातलं? उत्तरं पाठवलेल्या २७ ज्योतिषांचं यश निघालं सुमारे ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास जमलं असतं.

फसवणुकीची पायरी

एवढं सांगूनही लोक जाणार, हे मला माहीत आहे. पोराचं लग्न ठरत नाही, बोअरला पाणी लागत नाही, दुखणं हटत नाही, अशा वेळी माणूस आधार शोधतो. करमणूक म्हणून कुणी पत्ते काढून घेतले तर मी रागावत नाही. पण करमणूक कुठे संपते आणि लुबाडणूक कुठे सुरू होते, ती पायरी ओळखता आली पाहिजे.

ती बहुतेक वेळा अशी असते. पहिली भेट फुकट. दुसऱ्या भेटीत दोष निघतो. तिसऱ्या भेटीत तो दोष घरातल्याच कुणाच्या तरी नावावर टाकला जातो, म्हणजे तुम्ही त्या माणसाशी बोलणं सोडता. मग उपाय, आणि उपायाची रक्कम दर वेळी वाढती. थांबायचं म्हटलं की भीती घातली जाते, 'अर्धवट सोडलंत तर मुलांवर येईल'. या सगळ्याला बांधून ठेवणारी गाठ एकच असते, 'कुणाला सांगू नका'.

चाळीस वर्षांत विज्ञानानं मला खूप शिकवलं, पण विश्वासाची साधी कसोटी मी रुग्णांकडूनच शिकले. जो तुम्हाला दुसऱ्याला विचारू देतो, तो विश्वासाचा. जो विचारू देत नाही, तो नाही. मग तो पत्तेवाला असो, पाणाड्या असो की माझ्यासारखी डॉक्टर.

याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. दोन वर्षांपूर्वी बारामतीतल्याच एका पत्ते पाहणाऱ्या बाईंनी एका मुलीला स्वतः रिक्षात बसवून दवाखान्यात आणलं होतं. मुलीला फिट येत होत्या आणि घरचे 'बाहेरचं' म्हणत होते. त्या बाई मला म्हणाल्या, "मॅडम, हे माझ्या पत्त्यांचं काम नाही." नियमित औषधानं फिट येणाऱ्या सुमारे सत्तर टक्के लोकांचं आयुष्य बिनफिटचं होऊ शकतं. ती मुलगी आज कॉलेजला जाते. त्या बाईंच्या पत्त्यांवर माझा विश्वास नाही, पण त्या बाईंवर आहे.

कायदा काय म्हणतो?

डॉ. दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ साली, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच ते पन्नास हजार. मात्र ज्योतिषी, नंदीबैलवाले, वास्तुशास्त्र सांगणारे आणि जमिनीतलं पाणी सांगणारे पाणाडे यांच्या सल्ल्याला हा कायदा लागू होत नाही. तेव्हा नुसतं भविष्य सांगितलं म्हणून पोलीस येतील, या भरवशावर राहू नका. पण भीती घालून किंवा खोटं सांगून पैसे काढले तर ती फसवणूक आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तिची तक्रार करता येते. मंत्र-ताइतानं कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला तर १९५४ च्या केंद्रीय कायद्यानंच बंदी आहे.

जायचंच असेल तर

आजारपण, औषध, ऑपरेशन यांचा प्रश्न पत्त्यांपुढे ठेवूच नका. 'गोळ्या बंद करा' असं जो म्हणेल, तिथून उठा. रक्तदाब, साखर, फिट, मानसिक आजार यांच्या गोळ्या अचानक थांबल्या की काय होतं, ते आम्ही रात्री-अपरात्री पाहतो.

पैसे किती हे आधी ठरवा, तेवढेच द्या. मागाहून निघालेल्या दोषाचे पैसे देऊ नका. आधार, ओटीपी, बँकेचा तपशील, स्वतःचे किंवा मुलींचे फोटो फोनवर पाठवू नका. पुढे त्याच फोटोंवरून धमक्या येतात.

जाण्याआधी घरातल्या एका तरी माणसाला सांगा. सांगायची लाज वाटत असेल, तर तिथे जाऊच नये हे आपलं मन आधीच सांगतंय.

पैसे गेले असतील तर लाजेनं दिवस घालवू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. मन फार खचलं असेल तर १४४१६ वर टेलि-मानसची सेवा चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. स्तनातली गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. तिशीनंतर रक्तदाब, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी गावच्या आरोग्य उपकेंद्रात मोफत होते.

आमची चूकही

एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या पत्तेवाल्या बाईंनी माझ्या रुग्णाला एका वेळी पाऊण तास दिला होता. आमच्या ओपीडीत रांग बाहेरच्या झाडापर्यंत असते, एकेका माणसाला तीन-चार मिनिटं मिळतात. ऐकून घेतलं की माणसाचं अर्धं दुखणं हलकं होतं, आणि ते काम आम्ही सोडलं म्हणून दुसऱ्यांनी उचललं.

सुईची तपासणी झाली, निदान कॅन्सरचंच निघालं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार सुरू आहेत. आधी किमोथेरपी, मग ऑपरेशन. पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं, "मॅडम, मी बरी होईन ना?" मी म्हटलं, "ताई, पुढचं मला दिसत नाही. तुमच्या गाठीचा रिपोर्ट दिसतो, त्यावरून काय करायचं ते मला माहीत आहे. हा कागद घ्या आणि पुण्यात दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांना दाखवा."

नणंदेनं खरंच दाखवला. परत आल्या तेव्हा दोघी एकमेकींशी बोलत होत्या. गेले आठ महिने तेच बंद झालं होतं.