मुदत गेली म्हणजे नेमके काय गेले?

पुण्यातल्या एका भाडेपट्ट्याच्या जागेवरून १९८१ मध्ये तिथल्या लघुवाद न्यायालयात दावा लागला. मालक वादी, भाडेकरू खुद्द केंद्र सरकार. अपिलात निकाल मालकाच्या बाजूने गेला आणि सरकार मुंबई उच्च न्यायालयात पोचले. तिथे पाठपुरावाच न झाल्याने १० ऑक्टोबर २००६ रोजी याचिका काढून टाकण्यात आली. ती पुन्हा घ्यावी म्हणून अर्ज आला तो १२ वर्षे १५८ दिवस उशिरा! उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये उशीर माफ करायला नकार दिला आणि ३ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नकार कायम केला.

‘आमची बाजू भक्कम आहे, मग उशिराचे काय एवढे?’ या समजुतीला त्या निकालाने सुरुंग लावला. आधी उशिराचे कारण पटवा. बाजू किती भक्कम, ते नंतर. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती, ही सरकारी सबब तर २०१२ मध्येच टपाल खात्याच्या ४२७ दिवसांच्या विलंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली होती.

उलट टोकाचा गैरसमजही आहेच: एक तारीख चुकली की दावा बुडाला. तसे नाही. प्रतिवादी हजर आणि वादीच गायब, म्हणून दावा निघाला, तर ३० दिवसांत तो पुन्हा बोर्डावर घेण्याचा अर्ज करता येतो. गैरहजेरीचे सबळ कारण मात्र दाखवावे लागते. मूळ दाव्याच्याच कारणावर नवा दावा लावण्याची वाट बंद झालेली असते. दोघेही गैरहजर असतील, तर मुदत शिल्लक असेपर्यंत नवा दावाही चालतो.

खरी गफलत होते ती दावा लावण्याआधीच. विलंब माफीचा अर्ज अपिलाला चालतो, मूळ दाव्याला नाही. १९६३ च्या मुदत कायद्याचे कलम ५ तिथे लागूच होत नाही. हातउसने दिलेल्या पैशांसाठी साधारणपणे तीन वर्षे. मधल्या काळात वकिलामार्फत चार नोटिसा धाडल्या, तरी घड्याळ थांबत नाही. कर्जदाराने मुदतीच्या आत सही करून देणे लेखी कबूल केले, तर ते नव्याने सुरू होते. शेवटचा दिवस सुटीचा असेल, तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो. कोविडकाळात १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळला होता, पण ती सवलत अपवादात्मक होती.

आणि प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढलाच नाही तर? तरीही मुदत कायद्याच्या कलम ३ नुसार मुदतबाह्य दावा फेटाळणे न्यायालयावर बंधनकारक आहे. प्रतिवादीच्या गप्प बसण्यावर भिस्त ठेवणारे वादी कमी नाहीत.

प्रतिवादीलाही मोकळीक नसते. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची, फार तर ९० दिवसांत. साध्या दाव्यात त्यानंतरही न्यायाधीश अपवाद करू शकतात. व्यापारी दाव्यात १२० दिवस उलटले की कैफियत देण्याचा हक्कच जातो.

एक गोष्ट मात्र धनकोच्या बाजूने राहते. मुदत संपली म्हणून कर्ज नाहीसे होत नाही, फक्त न्यायालयातून वसुली होत नाही. कर्जदाराने नंतर आपणहून पैसे दिले, तर ‘मुदत संपली होती’ म्हणून ते परत मागता येत नाहीत. त्याने ते जुने देणे फेडण्याचे सही करून लेखी वचन दिले, तर करार कायद्याच्या कलम २५ नुसार त्या वचनावर नवा दावाही लागतो.