वस्तादांच्या वाट्याचे सुवर्ण

रमजानला सब्राचा महिना म्हणतात. सब्र म्हणजे निमूट बसून राहणे, असा अर्थ आपण सहज करून टाकतो. रोजेदाराला विचारून पाहा. दुपारी घशाला कोरड पडलेली असते, पण दुकान, शेत, शाळा काही थांबत नाही. वजन बसवण्यासाठी घोट मोजून पाणी पिणारा पैलवानही हे जाणतो. त्याचाही सराव चालूच असतो.

आपल्या बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे असाच. वडील बाळासाहेब स्वतः पैलवान. पहिले डाव त्यांनीच शिकवले. पुढे पुण्यात तो रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांच्या हाताखाली तयार झाला. बिराजदार शेजारच्या लातूर जिल्ह्यातले. (फारसी 'उस्ताद' आपल्या तांबड्या मातीत लोळून कधी 'वस्ताद' झाला, कोणाला कळलेही नाही.) तालमीत वस्ताद म्हणजे दुसरा बापच. पोराने काय खाल्ले, किती झोपला, घरून पत्र आले का, सगळे तोच बघतो.

२०११ मध्ये बिराजदार गेले. पोराच्या डोक्यावरचे छत्रच गेले. मग काका पवारांच्या तालमीत घाम गाळणे सुरू राहिले. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकची संधीही हुकली. एखाद्याने लंगोट खुंटीला टांगला असता.

१२ एप्रिल २०१८. ऑस्ट्रेलियातले गोल्ड कोस्ट, राष्ट्रकुल स्पर्धा, ५७ किलो. त्या वर्षापासून वजन कुस्तीच्या दिवशी सकाळीच होऊ लागले होते. अंतिम फेरीत कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला त्याने १५-७ असे हरवले आणि सुवर्णपदक दिवंगत वस्तादांना अर्पण केले.

मुस्लिम घरांत रमजानमध्ये मरहूम आई-वडिलांच्या नावाने कुराण वाचतात, गरिबाला खाऊ घालतात. केलेल्या नेकीचे पुण्य त्यांना पोहोचावे म्हणून. याला ईसाले सवाब म्हणतात. पाटोद्याच्या पोराला हा शब्द माहीत असेल-नसेल. त्याने केले ते याच जातीचे. दुःख त्याने कोपऱ्यात बसून उगाळले नाही, सात वर्षे खांद्यावर घेऊन मॅटवर उतरत राहिला.

सप्टेंबर २०१९ मध्ये कझाकस्तानात जागतिक स्पर्धेत त्याने ६१ किलोत कांस्यपदक मिळवले. हा वजनगट ऑलिम्पिकमध्ये नाही. तरी तो उतरला.