धक्क्याने गट्ट केलेलं गाव

एखाद्या गावाने बोटींसाठी नदीवर धक्का करावा आणि त्या धक्क्यानेच एक दिवस गाव गट्ट करावं, असं कधी ऐकलंय? अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात हे खरंच घडलं.

१८३३ साली जॉन मॅकॉय नावाच्या तरुणाने राज्याच्या अगदी पश्चिम टोकाला लाकडी ओंडक्यांनी बांधलेलं दुकान थाटलं. पलीकडे राज्याची हद्द संपायची. तिथे शॉनी, डेलावेअर या अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या जमाती राहत. पूर्वेकडच्या त्यांच्या जमिनींवरून त्यांना इकडे हुसकावलं होतं, तेही सरकारनेच! दुकानाला गिऱ्हाईक त्यांचं आणि दूरच्या सांता फे शहराला निघालेल्या व्यापाऱ्यांचंही. भोवती गाव वसलं, वेस्टपोर्ट. पोर्ट म्हणजे बंदर, पण मिसुरी नदी होती सहा-साडेसहा किलोमीटर लांब! मग मॅकॉयने खडकाळ काठाची एक जागा हेरली आणि तिथे आगबोटींतून माल उतरवायला सुरुवात केली. तोच हा धक्का.

सांता फे म्हणजे बाराशे किलोमीटरांहून जास्त, तेही बैलांच्या पावलांनी. त्यामुळे वेस्टपोर्टमध्ये लोहाराची भट्टी सदा धगधगती. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव पाहिलीये ना? ती चाकापेक्षा किंचित लहान करतात. तापवली की प्रसरण पावते, मग लाकडी चाकावर चढते. वरून पाणी ओतलं की चर्रर्र! धाव आकसते आणि चाकाला करकचून आवळते. पुढे कोरड्या माळरानावर मात्र उलटीच पंचाईत. लाकूड सुकून आकसायचं, धाव सैल पडायची. मग चाक रात्रभर ओढ्यात भिजवून फुगवायचं, नाहीतर फटीत लाकडी पाचरी ठोकायच्या.

इकडे धक्क्यापाशीही वस्ती वाढत होती. तिचंच पुढे कॅन्सस सिटी झालं. (नाव कॅन्सस, राज्य मिसुरी. भूगोलाच्या पेपरात हमखास घोटाळा!) १८६९ मध्ये तिथे मिसुरी नदीवर रेल्वेचा पूल झाला. आगगाडी आल्यावर बैलगाडीच्या तांड्यांना कोण विचारतो? धक्क्याचं शहर फुगत गेलं आणि १८९७ मध्ये त्याने वेस्टपोर्टलाच पोटात घेतलं.

आज वेस्टपोर्ट त्या शहरातला गजबजलेला भाग आहे. १८५० च्या सुमाराची एक विटांची इमारत तिथे अजून उभी आहे. एके काळी तिथे प्रवासाचं सामान विकलं जायचं, आता मंडळी गप्पा मारत बसतात. नावातलं पोर्टही तसंच आहे. नदी मात्र अजून तेवढीच लांब.